कुंडखेडचा फलाट आणि महादेवरावांची बिडी

कुंडखेडला रेल्वे नाही. येण्याची भीतीही नाही. तरी गावाला फलाट होता, आणि तो तलावात होता. पिंपळगाव राजाहून आलेल्या पाहुण्याला एसटीतून उतरल्यावर कोणी म्हणे, "जा, फलाटावर बसा, चहा पाठवतो," तेव्हा पाहुणा आधी रूळ शोधी आणि मग गावाविषयी आपलं मत बनवी.

फलाट बांधला शकूर मिस्त्रीनं. पण मूळ खोड कॅलेंडराची. बीटी कपाशी येऊन चार वर्षं झाली होती. बोंडअळी गेली, तिच्या रिकाम्या जागेत मावा, तुडतुडे आणि लाल्या असे तिघं बिऱ्हाड करून राहिले, आणि शेतकऱ्याची समजूत पटावी म्हणून बियाण्याच्या कंपनीनं घरोघर कॅलेंडर वाटलं. बारा महिन्यांची बारा चित्रं, त्यात कपाशीचं एकही नाही. कंपनीलाही बहुधा कपाशीकडे बघवत नसावं.

मे महिन्यात समुद्र होता. समुद्रात शिरलेला लांबच लांब लाकडी ओटा, त्याच्यावर पाळणे, चक्र, दुकानं, आणि काहीही काम नसल्यासारखी हिंडणारी गोरी माणसं. खाली इंग्रजीत दोन ओळी. शाळेतल्या मास्तरांनी त्या वाचून दाखवल्या: मौजमजेचा हा धक्का दोनदा आगीत जळाला आणि दोनदा पुन्हा बांधला.

कॅलेंडर महादेवरावांच्या ओसरीवर टांगलेलं होतं. महादेवराव म्हणजे शकूरचे चौथीपर्यंतचे बाकावरचे सोबती, बारा एकरांचे धनी आणि छापलेलं सगळं खरं मानणारे गावातले एकमेव गृहस्थ. बीटीच्या पाकिटासोबत त्या काळी साध्या कपाशीचं एक छोटं पाकीट फुकट येई. शेताच्या कडेनं त्याच्या पाच ओळी लावायच्या, म्हणजे अळी तिथंच खाऊनपिऊन सुखी राहते आणि आतल्या पिकाशी जमवून घ्यायला शिकत नाही, असं त्यावर लिहिलेलं असे. गाव ती पाकिटं उकिरड्यावर टाकी. महादेवरावांनी पाच ओळी पेरल्या आणि बांधावर उभं राहून अळ्यांची वाट पाहिली.

"शकूर," एका संध्याकाळी बिडी पेटवत ते म्हणाले, "कंपनी अळीसाठी पाच ओळी राखते. तिनं खावं, खेळावं, सुखानं राहावं. माणसासाठी गावात एक तरी ओळ राखली काय बे कोणं?"

शकूर मे महिन्याकडे बघत होता. "पाण्यात उभा राहून हा जळते कसा?"

"काय मालूम."

"मिस्त्री कच्चा असन," शकूर म्हणाला.

माणसानं काही वाक्यं म्हणू नयेत. पण ती म्हटल्यावरच कळतं.

आता तसाच धक्का गावच्या तलावात बांधून दाखवणं शकूरला भाग होतं. लाकडाचा प्रश्न नव्हता. ट्रॅक्टर आले, बैल गेले, आणि घरोघर बैलगाड्या भिंतीला टेकून म्हाताऱ्या माणसासारख्या उन्हाला बसल्या होत्या. त्यातल्या निम्म्या शकूरच्या बापानं घडवलेल्या, उरलेल्या शकूरनं. लोकांनी त्या आणून दिल्या. बाभळीचे खांब, सागाच्या फळ्या, सगळं जुनं आणि मुरलेलं. पन्नास हात लांब फलाट तलावात गेला. ज्याची गाडी त्याची फळी, असा आपोआप रिवाज पडला. जानराव आपल्याच फळीवर बसत, तिथं दुसरा कोणी बसला तर त्याला म्हणत, "उठ ना बे, माह्या गाडीत काऊन बसला?"

टोकाला एका गाडीचं चाक आडवं बसवून शकूरनं फिरता पाळणा केला. मनकर्णाबाईंनी काठावर भज्यांची कढई मांडली. कपाटाचा एक वाकडा आरसा मिळाला, त्यात वाळका माणूस जाडजूड दिसे. त्या साली सरकारचं मदतीचं पॅकेज आलं होतं, म्हणून शेतकऱ्याची अवस्था बघायला पथकं येत. एका पथकातल्या साहेबांनी शेतकऱ्यांना नेमकं त्या आरशात पाहिलं आणि वहीत लिहिलं, 'प्रकृती समाधानकारक'.

फक्त महादेवरावांनी लाकूड दिलं नाही. त्यांच्याकडे रेंगी होती. रेंगी म्हणजे माणसं बसायची हलकी, नखरेल बैलगाडी. शकूरच्या बापाच्या हातचं ते शेवटचं काम, आणि गीताबाई रोहिणखेडहून नवरी होऊन त्याच रेंगीतून आल्या होत्या. "बाकी काही माग," महादेवराव म्हणाले होते. शकूरनं बाकी काही मागितलं नाही.

गाडीला पोळ्याच्या आधी तेल पाजायचं, ही मिस्त्रीची जुनी रीत. शकूरनं तीच फलाटाला लावली. ट्रॅक्टरांचं जळकं ऑइल डबेच्या डबे आणून त्यानं फळीन् फळी चोपडली. लाकूड काळं, चकचकीत आणि समाधानी दिसू लागलं.

दोन हिवाळे मजेत गेले. दुसऱ्या फाल्गुनात पाळण्याच्या चाकाची धाव ढिली झाली. धाव म्हणजे चाकाभोवतीचं लोखंडी कडं. ते तापवून लाल करायचं, चाकावर ठोकायचं आणि लगेच भरपूर पाणी ओतायचं. लोखंड आवळतं आणि चाक जन्माचं घट्ट होतं. गावचा लोहार खामगावला गेल्यापासून हे कामही शकूरच करी, आणि त्यात त्याला एकाच गोष्टीचा कंटाळा होता: विहिरीवरून वीस बादल्या पाणी वाहायचं.

त्या दिवशी सारं गाव कंपनीच्या शेतकरी मेळाव्याला गेलं होतं. तिथं जेवण आणि टोपी मिळणार होती. शकूरला शेती नव्हती, म्हणून टोपीही नव्हती. चाक त्यानं तासायला काठावर काढून ठेवलं होतं. त्याच्या मनात आलं, आयुष्यभर पाणी विस्तवाजवळ वाहत आलो. आज विस्तवच पाण्याजवळ नेला तर?

हे असं बैलगाडीच्या मिस्त्रीलाच सुचतं. त्यानं फलाटाच्या टोकाला पत्रा अंथरला, वर तीन दगड, दगडांवर धाव, भोवती गोवऱ्या आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, रचल्या, आणि काडी लावली. खाली अख्खा तलाव. काळजी कसली?

वारा आला. पऱ्हाटीची एक काडी उडाली आणि तेल प्यायलेल्या फळीवर जाऊन बसली. शकूरनं बादली उचलली. पाणी पाच हात खाली होतं, आणि बादलीचा दोर मेळाव्याचा मांडव बांधायला गेला होता. पालथं पडून त्यानं हात खाली सोडला; हात पाच हातांचा नव्हता. मग तो काठाकडे धावला, बादली भरली, मागे वळला, तर मधे आगच उभी होती. ज्या मिस्त्रीनं फलाटाला प्रेमानं तेल पाजलं होतं, त्याच्याच डोळ्यांसमोर फलाटानं ते पचवून दाखवलं. टोक कोसळलं. धाव, सांडशी आणि तीन दगड चर्रकन तलावात गेले. धावेला भरपूर पाणी मिळालं. चाक तेवढं काठावर राहिलं.

घरी बानोनं त्याच्याकडे एकदाच पाहिलं. "भुवया कुठं ठेवून आले?"

शकूर आणि बानो घरात आपली दखनी बोलत. पण भांडायला वऱ्हाडीच बरी पडते, यावर दोघांचं एकमत होतं. शकूरनं सगळं सांगितलं.

"अन् म्हणे मिस्त्री कच्चा असन!" बानो म्हणाली. हे वाक्य तिच्यापर्यंत कधी पोचलं होतं, ते शकूरला कळलं नाही. "सांगा आता गावाले."

"सांगतो ना. गाव येऊ तर दे."

गाव आलं ते टोप्या घालून. राख बघितली, आणि मग शकूरचा चेहरा. सरपंच माणिकराव गहिवरून म्हणाले, "मिस्त्री आगीत घुसला रे! भुवया गेल्या, पण मांगं नाही सरला!" शकूर तोंड उघडणार, तोच दोघांनी त्याला खांद्यावर घेतलं. खांद्यावर बसलेल्या माणसाला कबुली देणं फार अवघड असतं. उतरेपर्यंत उशीर झाला होता. पुढच्या ग्रामसभेत शाल आणि नारळही मिळाला.

"ओढा," बानो म्हणाली. "फाल्गुनात शाल. ओढा ना, गरम तं तुम्हाले चालते."

एवढ्यावर भागलं असतं तर शकूर लाज गिळून बसला असता. पण दुसऱ्या दिवशी महादेवराव आले. दाढी वाढलेली, टोपी हातात.

"शकूर, फलाट मी जाळला."

"काय?"

"मेळाव्याले निघाच्या आधी तिथंच बसलो होतो. बिडी पेली, थोटूक टाकलं. इझलं का नाही, पाह्यलंच नाही मी. चाळीस वर्षं गीता म्हणे, तुमची बिडी एक दिवस घर जाळन. घर वाचलं. गाव जळालं." त्यांनी नाक पुसलं. "बंडल विहिरीत टाकलं. आता बिडी बंद. अन् नव्या फलाटाले माही रेंगी घे."

"रेंगी नाही."

"काऊन?"

या काऊनचं उत्तर शकूरच्या ओठांपर्यंत आलं. पण ओठांच्या वर भुवया नव्हत्या, आणि भुवयांची शाल खुंटीवर लोंबत होती. "पाहू," तो म्हणाला.

गावानं ठरवलं: मृगाच्या आधी फलाट पुन्हा उभा करायचा. तोपर्यंत तलाव उतरेल, खांब रोवायला सोपं जाईल. सगळे पाणी उतरायची वाट बघत होते. एकटा शकूर रोज सकाळी जाऊन बघे, की ते उतरलं तर नाही. कारण त्याला ठाऊक होतं, तळाशी धाव आहे, सांडशी आहे, तीन दगड आहेत. बाकीच्यांना ते भंगार दिसेल. पण आयुष्यभर गाड्या हाकलेल्या महादेवरावांना एका नजरेत कळेल की इथं कोणी तरी धाव तापवत होतं, आणि गावात धाव तापवणारा एकच आहे.

"किती उतरलं?" बानो रोज संध्याकाळी विचारी.

"एक वीत."

"म्हंजे इमान वर यायले अजून बारा वीत."

चैत्राच्या शेवटी तो मनाचा हिय्या करून महादेवरावांच्या घरी गेला. दारातच गीताबाई भेटल्या. त्यांनी इकडे तिकडे बघून त्याला बाजूला घेतलं.

"शकूरभाऊ, तुमचे उपकार कसे फेडू?"

"कायचे उपकार, वहिनी?"

"फलाट जळाला अन् माह्या घरातला धूर गेला! रातचा खोकला बंद. जेवण वाढलं. चाळीस वर्षं म्या उपास केले, नवस बोलली, देवाले जमलं नाही ते तुमच्या फलाटानं केलं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "खरं सांगू काय? मले नाही वाटत त्या थोटकानं जळाला असन. पण तुमी त्यायले काही म्हणू नका. तुम्हाले माही आण हाये."

शकूर कबुली घेऊन आला होता, ती तशीच घेऊन परत गेला. वर एक आण मिळाली.

"अन् रेंगी?" घरी बानोनं विचारलं. "ज्या रेंगीतून गीताबाई आल्या, थे तुमी तोडसान? बापाच्या हातचं काम?"

शकूर त्या दिवशी जेवला नाही. बानोनंही आग्रह केला नाही.

वैशाखात एक वळवाचा पाऊस असा काही कोसळला की एका दुपारीत तलाव दोन हात वर चढला. लोकांनी काठावर येऊन हळहळ केली. टोकाचे खांब नंतर रोवू, आधी काठाकडून सुरुवात करू, असं माणिकरावांनी जाहीर केलं. शकूर पाण्याकडे बघत राहिला. धाव बुडाली होती. आणखी वर्षभर तरी ती कोणाला दिसणार नव्हती, आणि वर्षभरात गाळ तिच्यावर बसला असता. तो सुटला होता.

सुटलेला माणूस हलका वाटायला हवा. शकूरला वाटेना.

कामाच्या दिवशी सकाळीच सारं गाव तलावावर जमलं. मनकर्णाबाईंनी कढई मांडली होती. लाकूड कमी पडत होतं, आणि तेवढ्यात रेंगी आली. बैल नव्हते, महादेवराव स्वतःच जू खांद्यावर घेऊन ती ओढत होते. रेंगी धुतलेली, पुसलेली, पितळी घुंगरं घासलेली. मागे गीताबाई, डोक्यावरून पदर, अशा चालत होत्या की जणू तीच वरात पण उलट्या दिशेनं.

"घे," महादेवराव म्हणाले. "पयला घाव तूच मार. तुह्या बापानं जोडली, तूच सोड."

शकूरनं वाकस उचलला. समोर आखरीची, म्हणजे रेंगीच्या बाजूच्या लाकडाची, कड होती, तिच्यावर बापानं हातानं कोरलेली दोन पोपटांची जोडी. एका पोपटाची चोच लहानपणी शकूरनंच पटाशी चालवून बिघडवली होती आणि बापाच्या हातचा मार खाल्ला होता. बापानं चोच दुरुस्त केली नव्हती. "राहू दे," म्हणाला होता, "ज्यानं बिघडवलं त्याचं नाव दिसलं पाह्यजे."

वाकस खाली आला, पण लाकडावर नाही, जमिनीवर.

"महादेवा, फलाट तुह्या बिडीनं नाही जळाला. म्या जाळला."

गाव जवळ सरकलं. मग हसलं.

"मिस्त्रीचं मन मोठं हाये!" माणिकराव म्हणाले. "दोस्ताले वाचवून राह्यला!"

"अरे, खरं सांगतो! धाव तापवत होतो फलाटावर!"

"फलाटावर कोणी इस्तू पेटवते काय?" जानराव म्हणाले. "पागल हाये काय?"

"हाव!" शकूर ओरडला. "थेच तं सांगून राह्यलो!"

पण कोणी ऐकेना. लोकांना आपापली कारणं आवडू लागली होती. माणिकरावांच्या मते ही विरोधी पॅनेलची करणी होती, आणि निवडणुकीपर्यंत ती तशीच राहायला हवी होती. मनकर्णाबाई मनोमन मानत होत्या की त्यांच्याच चुलीची ठिणगी उडाली. आणि महादेवराव तर तांबडे झाले.

"शकऱ्या, माह्यावर दया दाखवतो काय बे? आयुष्यात एक मोठी चूक केली म्या, थे बी तू नेतो?"

मग शकूरनं सदरा काढून बानोच्या हातात दिला आणि सरळ पाण्यात शिरला. छातीपर्यंत, गळ्यापर्यंत, मग दिसेनासा झाला. वर आला, श्वास घेतला, पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला तोंडातलं पाणी थुंकत ओरडला, "दोर टाका!"

या वेळी दोर होता. सहा जणांनी ओढला. गाळातून आधी धाव आली, तिच्यात अडकून सांडशी आली, आणि मागून शकूर एक काळा दगड पोटाशी धरून आला. दगडावर अजून काजळी होती.

महादेवराव धावेजवळ उकिडवे बसले. बोट फिरवलं. मग काठावर ठेवलेल्या चाकाकडे पाहिलं. धावेकडे पाहिलं. सांडशीकडे पाहिलं. त्यांना सगळं कळायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात मनकर्णाबाईंचं भजं जळालं.

"शकूर."

"बोल."

"पाणी वाहाचा कंटाळा?"

"हाव."

"लाकडाले तेल कोणं पाजलं?"

"म्या."

"त्यावर इस्तू कोणं ठेवला?"

"म्याच."

"अन् तीन महिने मी बिन बिडीचा!" महादेवराव एवढ्या जोरानं ओरडले की बगळे उडाले. "तीन महिने! सकाळी पोट साफ नाही, संध्याकाळी डोकं जाग्यावर नाही, अन् तू शाल पांघरून बसला! बिडी दे कोणी! आत्ता!"

चार बंडलं पुढे आली. गीताबाईंनी शकूरकडे अशा नजरेनं पाहिलं की त्याच्या नुकत्याच उगवलेल्या भुवया पुन्हा जळाल्यासारख्या वाटल्या.

महादेवराव बिडी ओठात धरून थांबले. रेंगीकडे पाहिलं. मग न पेटवलेली बिडी हातात घेऊन म्हणाले, "दंड भरा लागन तुले."

"सांग."

"रेंगी तुटणार नाही. अख्खी फलाटावर चढवाची. टोकाले. मी तिच्यात बसणार, रोज. दोन वेळा."

"मंजूर."

"धाव आज काठावर चढवाची. वीस बादल्या पाणी विहिरीचं. तूच वाहाचं. तलावाले हात लावाचा नाही."

गाव आता खरं हसलं. शकूरही हसला, तीन महिन्यांनी हसल्यानं गाल दुखले.

"अन् शाल?" बानोनं विचारलं.

"शाल रेंगीत गादीवर टाका," गीताबाई म्हणाल्या. त्यांचा राग अजून गेला नव्हता. "अन् शकूरभाऊ, एक पाटी लावा. इस्तू, काडी, बिडी आणाची नाही. मोठ्या अक्षरात."

"मिस्त्रीसाठी लावतो," शकूर म्हणाला.

"ज्याले लागू हून जाईन त्याले," गीताबाई म्हणाल्या आणि नवऱ्याकडे बघितलंही नाही.

मृगाच्या आदल्या दिवशी फलाट उभा राहिला. या खेपेला त्याला ऑइलचा एक थेंब लावला नाही, जवसाच्या तेलाचा हलका हात तेवढा दिला. टोकाला रेंगी, शेजारी घट्ट धावेचा पाळणा, आरशात जाडजूड शेतकरी. महादेवराव सकाळ-संध्याकाळ रेंगीत बसून राहत. खिशात बंडल असे, पण पाटी समोरच होती, आणि छापलेलं ते मानतच. बिडी प्यायला पन्नास हात चालून काठावर यावं लागे. तेवढं चालण्यापेक्षा न पिणं सोपं पडे. गीताबाईंनी हा हिशेब कोणाला सांगितला नाही. फक्त शकूरच्या घरी एकदा पुरणपोळी पाठवली.

कॅलेंडर दोन वर्षांचं जुनं झालं तरी महादेवरावांनी मे महिन्याचं ते पान बदललं नव्हतं. एक दिवस शकूर ओसरीवर ते बघत उभा होता.

"दोनदा जळाला म्हणते," महादेवराव आतून म्हणाले. "आपला एक डाव बाकी हाये."

"नाही जळत आता."

"काऊन?"

"मिस्त्री पक्का झाला," शकूर म्हणाला, आणि बोलून झाल्यावर त्यानं घाईघाईनं दाराच्या लाकडी चौकटीला हात लावला. मग हात मागे घेऊन बोटं हुंगली, की कोणी हिला तेल तर पाजलं नाही.